अक्काची धडधड

अक्का गेली तेव्हा मी धाराशिवला घरी तिच्यावरच चिडून बसलो होतो. दोनदा फोन लावला, उचलला नाही. तिसऱ्यांदा तिची सून महानंदा बोलली, "मामा, आत्या चहा पिता पिता गेल्या... हार्ट म्हणालेत डॉक्टर." मुरूमला पोचलो तर आमच्या लिंगायतांच्या रीतीप्रमाणे तिला मांडी घालून बसवलेलं होतं. मला ते बघवेना. माझी ही थोरली बहीण, देवपूजा सोडली तर, कधी एका जागी बसलीच नाही, जेवायचीसुद्धा उभ्यानं. त्यात मागून कुणीतरी कुजबुजलं, "सुईनंच न्हेलं बघा. इन्शुलिन सुरू झालं की हृदय खलास." तेव्हापासून माझं कशातच लक्ष लागत नाही. कारण मलाही डॉक्टरांनी इन्शुलिन लिहून दिलंय, आणि ते आणून मी फ्रिजमध्ये नुसतं ठेवून दिलं होतं.

अक्का सकाळी आधी सुई घ्यायची आणि मग लिंगपूजेला बसायची. पूजा झाल्याशिवाय तोंडात काही घालायची नाही. उलटं कर म्हटलं तर म्हणायची, "पूजा करून उठल्या उठल्या अंगातनं रगत काढू व्हय रे तम्मा?" तम्मा म्हणजे कानडीत धाकटा भाऊ, म्हणजे मी. आणि तिची पूजा कसली, ऐसपैस कारभार! गळ्यातलं इष्टलिंग तळहातावर घेऊन सगळ्या गोतावळ्याचं मागणं मागायची, त्यात माझ्या दाढदुखीचंही. एकदा मी तिथं असताना तिला दरदरून घाम फुटला, हात थरथरायला लागला. मी धावलो तर ही हसतीय! "छाती बघ कशी धडधडतीय. आज त्यानं ऐकलं." असं म्हणे बऱ्याचदा व्हायचं, आणि ही बाई त्याला कृपा समजून खुशीत असायची. माझं डोकंच फिरलं. गूळ खायला लावला आणि तसंच तिला उमरग्याला डॉक्टरकडे नेलं.

डॉक्टर शांतपणे म्हणाले, "आजी, सुईनं साखर उतरते. वर पोटात अन्न नसलं तर ती फार उतरते. मग शरीर घाबरतं आणि हृदयाला पळवतं. तुमच्या हृदयाच्या नळ्या आधीच अरुंद आहेत, तुम्हाला हे झेपायचं नाही." मी घाईघाईनं विचारलं, मग सुई बंदच करू का? तर ते माझ्यावर खेकसले, "साखर चढलेली राहिली तर त्याच नळ्या अजून खराब होतील. इन्शुलिन नळ्या सैल करतं, रक्ताला वाट देतं. घोळ उपाशी पोटाचा आहे, सुईचा नाही." परतताना अक्का खिडकीबाहेर बघत होती. तशीच म्हणाली, "म्हंजी ते देवाचं नव्हतंच?" "न्हाय अक्का." तिचं काहीतरी हिसकावून घेतल्यासारखं मला वाटलं... दुसऱ्या दिवसापासून मात्र तिनं क्रम बदलला, आधी पूजा, मग सुई आणि लगेच घास, आणि नंतर कित्येक वर्षं आम्हा सगळ्यांना दटावत मजेत जगली.

गेल्या आठवड्यात मुरूमला गेलो, ते इन्शुलिन बर्फाच्या डब्यात घालून. का नेलं, मलाच ठाऊक नव्हतं. सकाळी पूजेच्या खोलीत डोकावलो तर तिच्या पाटाशेजारी झाकलेलं ताट. महानंदा ओशाळली. "सुई नि घास यात खंड पडू नये म्हणून ताट आधीच ठेवायची सवय लागलीय, मामा. अजून हात थांबत न्हाईत." मी अडखळत त्या कुजबुजीबद्दल विचारलं. तिचे डोळे भरले. "सुईनं न्हेलं म्हणणाऱ्यांनी एक दिस तरी ताट वाढलं का? सुईमुळंच तर आत्या एवढी वर्सं मिळाल्या आमाला."

मी पाटावर बसलो. सुई टोचली, ताटावरचं झाकण काढलं आणि गरम भाकरीचा घास घेतला. छाती धडधडत होती... ते साखरेनं नव्हतं, एवढं मला कळत होतं.