काकांची खिडकीजवळची सीट

माझे वसंतकाका वारले, तरी त्यांचा प्रवास थांबला नाही.

प्रयागला संगमातच विसर्जन हवं, ही त्यांची शेवटची इच्छा. काकांना मूलबाळ नव्हतं, तेव्हा शब्द मीच दिला होता. म्हणून मी आणि माझी बायको सुमन अस्थींची पिशवी घेऊन विमानतळावर पोचलो, आणि वाराणसीचं विमान रद्द झालं!

"अहो, तिथून पुढे प्रयागची ट्रेन आहे आमची! उद्या गुरुजी ठरलेत!" मी काउंटरवर ओरडलो.

"सर, ट्रेन आमची जबाबदारी नाही. परवाचं विमान घ्या, नाहीतर रिफंड."

"आणि आज राहायची सोय?"

"ठाण्याचेच ना तुम्ही? मग घरी जा ना, सर!"

(त्या पोरीला काय सांगणार, की आम्ही दोघं घरी जाऊ, पण तिसऱ्याला उंबऱ्याच्या आत घेता येत नाही!)

मी तणतणत मोबाइलवर दुसऱ्या कंपनीची उद्या सकाळची तिकिटं काढली. ठाण्यात बाळकुमला घरी परतलो आणि रिवाजाप्रमाणे पिशवी सोसायटीमागच्या उंबराला टांगली. दिवेलागण झाली होती. झाडाचं पानही हलत नव्हतं. पिशवी मात्र हलत होती.

"अहो, वारा नाहीये," सुमन पुटपुटली.

"गाठ बसतेय गं." (माझे दात वाजत होते, ते सोडा!)

तेवढ्यात माझा मोबाइल वाजला. 'प्रिय वसंत, उद्याच्या प्रवासासाठी तयार आहात ना?'

सुमनने माझा दंड असा धरला की वळ उठले. पुन्हा टिंग! 'प्रिय वसंत, खिडकीजवळची सीट आवडेल का?'

काकांना जन्मभर खिडकीच लागायची! पिशवी गर्रकन फिरली. मी 'हो' दाबलं, हात जोडले आणि सुमनच्याही आधी जिन्यापर्यंत पोचलो.

सकाळी विमानतळाच्या दारावर जवानाने तिकीट पाहिलं. "ये वसंत कौन है?"

मी पिशवी वर केली.

मग उजेड पडला. काकांची तिकिटं नेहमी मीच काढायचो, त्यामुळे ॲपमध्ये त्यांचं नाव सगळ्यात वर होतं. रागाच्या भरात मी माझ्याऐवजी त्यावरच टिचकी मारली होती. आणि विमान फुल्ल, नवं तिकीट मिळेना!

"राहू दे," सुमनने पिशवी घेतली. "विधी मी करते. तुम्ही घरी जाऊन दूध तापवा."

शब्द मी दिला होता, पाळणार ती होती. पण कंपनीच्या हिशेबी आमच्या घराण्यात जिवंत पुरुष एकच उरला होता, आणि तो खिडकीजवळ बसून प्रयागला निघाला होता!