पत्र्यावरचं जाळं

घरात पाऊल टाकलं की मावशी आधी भिंतीला पालथा हात लावायची, पोराचा ताप बघावा तसा. "भित तापलीय गो," असा निकाल देऊन मगच ती बसायची. तुमच्याही आळीत अशी एखादी असेल, जिला सगळ्यांच्या घरातलं सगळं कळतं आणि जिचा आधी रागच येतो. मलाही यायचा.

कोपरीत खाडीकाठी आमची चाळीतली खोली, डोक्यावर सिमेंटचा पत्रा. मावशी चार घरं सोडून एकटीच राहायची. जातीची कोळीण. मासळी विकून गुडघे गेलेले, जीभ मात्र शाबूत. उन्हाळ्यात सकाळी दहालाच ती लोकांच्या खिडक्या लावत फिरायची. "ऊन आत घेतंस कशाला? पाव्हना हाय का तो?"

माझी मुलगी चार महिन्यांची होती त्या एप्रिलमध्ये उकाड्यानं तापायला लागली. दूध पिईना. डॉक्टर म्हणाले, "बाकी काही नाही, खोली थंड ठेवा. उद्यापर्यंत उतार पडला नाही तर दाखल करू."

नवऱ्यानं मोहने गावातून मामेभावाचा कूलर आणला. गारवा बाहेर जाऊ नये म्हणून आम्ही शहाण्यांनी खिडक्या लावून घेतल्या. तासाभरात खोलीचं न्हाणीघर झालं. गादी दमट, पोर आणखीच किरकिरी.

ऊन कललं तशी मावशी आली आणि तिनं आधी कूलर बंद केला.

"खाडीची हवा मुळातच वली. तिला आनखी पानी पाजतंस? उघड त्या खिडक्या!"

मग नवऱ्याला शिडीवर चढवलं. पत्र्याला चुन्याचे दोन हात दिले. झावळ्या आणि मासेमारीचं एक जुनं जाळं ती स्वतःच ओढत घेऊन आली. झावळ्यांचा जाड थर घातला, आणि त्या उडू नयेत म्हणून वरून जाळं ताणून बांधायला लावलं. नवऱ्याची गाठ तिला पसंत पडेना. "बोंबील पन हसंल ही गाठ बघून," म्हणत ती त्या गुडघ्यांनिशी स्वतः वर चढली.

दुसऱ्या दिवशी दुपारी पोर पोटभर प्यायली आणि झोपली. कपाळ गार लागलं. मी तीनदा हात लावून बघितला. मग उभ्या उभ्याच गार भात जेवले आणि वाटीभर खीर घेऊन मावशीकडे गेले.

तिच्या घरावर नुसता पत्रा होता. झावळ्या काढल्याच्या खुणा अजून ताज्या होत्या. मावशी उंबऱ्यात बसून पदरानं वारा घेत होती.

"मावशी, अगं तुझ्या घरावरचं काढलंस?"

"मी सुकट हाय गो. आनखी काय सुकनार?"

मी खीर तिथेच ठेवली आणि तिला हाताला धरून घरी आणलं. "पाच मिनटं हां," म्हणत ती पोरीच्या शेजारी लवंडली.

मावशी जाऊन आता दोन वर्षं झाली. चाळही पडली, आम्ही कळव्याला पक्क्या इमारतीत आलो. पण तिची आठवण आली की मला तीच दुपार दिसते. मावशी घोरतेय, पोरीनं तिचं बोट मुठीत धरलंय, आणि मी दाराशी बसून रडतेय, कितीतरी दिवसांनी अगदी निर्धास्त.