ब्लॅकटाउनचं नारिंगी जॅकेट

जॅकेट फक्त मलाच मिळालं, तिथेच मला काहीतरी खटकायला हवं होतं.

खटकलंच होतं खरं तर. आम्ही चाळीसेक जण गवतावर मारलेल्या पांढऱ्या फुल्यांवर, दीड-दीड मीटर अंतर राखून उभे. सगळे चकचकीत टी-शर्टांत. आणि त्यात मी, गुडघ्यापर्यंत लोंबणारं नारिंगी जॅकेट घालून! पळायला नाही, रस्ता खणायला आल्यासारखी दिसत होते.

पण मी माती कशी खाल्ली, ते क्रमानेच सांगायला हवं. नाहीतर तुम्हाला वाटेल मी मूर्ख आहे. क्रमाने ऐकलंत तरी तेच वाटेल म्हणा.

लॉकडाउन नुकता उठला होता. आमचं ब्लॅकटाउन त्या दिवसांत फार बदनाम. बाकी सिडनीपेक्षा आमचे नियम कडक. कुठे राहतेस विचारल्यावर ‘ब्लॅकटाउन’ म्हटलं, की समोरचा झूमवरसुद्धा मागे सरकायचा. आणि मी मुळात भित्री. टोस्टरमधून ब्रेड उडाला तरी किंचाळते.

माझी रूममेट मृणाल एक दिवस म्हणाली, “केतकी, घरात बसून बसून तुला बुरशी आलीये. आपण ट्रेल रन करतोय. रानवाटेने चौदा किलोमीटर पळायचं.”

“डोंगर आहेत?”

“डोंगर कसले गं, छोट्या टेकड्या. आणि पुढे नदी. एकदम सीनिक आहे!”

या देशात जिथे जीव जायची शक्यता असते, त्या जागेला सीनिक म्हणतात, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

तर सिडनीच्या दक्षिणेला, वॉलॉंगॉंगच्याही खाली, सगळीकडे नुसतं कमरेएवढं गवत आणि गाई, अशा ठिकाणी ही शर्यत. कोव्हिडमुळे एकेकाला दोन-दोन मिनिटांनी सोडणार. मृणाल तिसरी, मी मधेच कुठेतरी. सुरू व्हायच्या आधी एक दाढीवाला माणूस माझ्याकडे धावत आला. सगळ्या शर्यतीची जबाबदारी याच्याच डोक्यावर, नाव ग्रेग. तोंडावर दोन मास्क, हातात क्लिपबोर्ड.

“तूच का ती ब्लॅकटाउनची?”

मी मान डोलावली.

“थँक गुडनेस!” त्याने अंगातलं जॅकेट काढलं, त्यावर भसाभसा सॅनिटायझर मारला आणि लांबूनच माझ्याकडे फेकलं. “हे घाल. फाट्यापर्यंत जा. घाई नाही, टेक युअर टाइम!” आणि गाडीत बसून भुर्रकन गेलासुद्धा.

आता मला सांगा, दुसरं कुणी असतं तर विचारलं असतं ना, की बाबा, हे काय? पण माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला: ब्लॅकटाउनवाल्यांना लांबून ओळखता यावं, म्हणून हे जॅकेट!

अपमान झाला हो. पण घातलं. माझा पीआरचा, म्हणजे इथे कायमचं राहायच्या परवानगीचा अर्ज अजून लटकलेला होता. अशा वेळी माणूस अपमानसुद्धा व्यवस्थित चेन लावून घालतो.

जॅकेट चांगलंच जड होतं. पुढच्या खिशांत सॅनिटायझर, शिट्टी, गुलाबी रिबिनी. पाठीच्या खिशातही काहीतरी आदळत होतं, पण मी उघडून पाहिलं नाही. लोकांची वस्तू, त्यात कोव्हिड. कशाला हात लावा?

दुसऱ्या टेकडीवर माझं पळणं संपलं. तिसरीवर चालणंही संपलं. फाट्यापाशी मी एका दगडावर बसले आणि श्वास शोधायला लागले. समोर बाण रंगवलेली पाटी होती आणि एक गाय त्या पाटीवर तन्मयतेने मान खाजवत होती. पाटी गरागरा फिरत होती.

तेवढ्यात मागून एक धावपटू आला, थेट माझ्याच दिशेने! मला वाटलं, याला जॅकेट दिसत नाही की काय? मी घाबरून हात लांब केला. म्हणजे, दूर राहा, मी ब्लॅकटाउनची आहे!

“चिअर्स, मेट!” म्हणत तो माझ्या हाताच्या दिशेने डावीकडे पळाला.

मग दुसरा आला. मी हात केला. तोही डावीकडे. असे सहा जण गेले. किती समजूतदार लोक आहेत, मला भरून आलं.

शेवटी जोन आली. बहात्तर वर्षांची, एक गुडघा नवा, तरी माझ्यापेक्षा तरतरीत. “लेफ्ट ऑर राइट, लव्ह?” मी म्हटलं, “लेफ्ट.” सगळे तिकडेच गेले होते ना!

“तू नसतीस तर आमचं काय झालं असतं!” म्हणून ती गेली.

मग झाडीतून कुकाबरा हसायला लागला. हा इथला पक्षी. आपल्या खंड्याचाच भाऊबंद, पण माणसासारखा खदाखदा हसतो. मी दचकून दगडावरून खाली पडले. थोड्या वेळाने परत हसला. मग परत.

इतक्यात मृणालचा फोन. “अगं आहेस कुठे? मी केव्हाच पोचले! त्या फाट्यावर उजवीकडे वळलीस ना? डावीकडची वाट सरळ कड्यावर जाते, खाली नदी. तिथे आपल्या ब्लॅकटाउनचाच एक माणूस ठेवणार होते म्हणे, सगळ्यांना वळवायला. नारिंगी जॅकेटवाला. तो दिसला का?”

मी खाली पाहिलं. नारिंगी. गुडघ्यापर्यंत.

“मृणाल,” मी म्हटलं, “तो मीच आहे.”

“काय? ऐक, माझी बॅटरी...” आणि फोन गेला. हिने फिनिशचा व्हिडिओ काढण्यात बॅटरी घालवली होती!

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच! सात माणसं मी स्वतःच्या हाताने कड्याकडे धाडली होती. त्यात जोन. जोनचा नवा गुडघा!

पळत तिला गाठावं, तर पायांनी केव्हाच राजीनामा दिलेला. छातीवरच्या नंबराखाली इमर्जन्सीचा फोन छापला होता. मी तो लावला.

रिंग जातेय, जातेय. आणि तो मेला कुकाबरा पाठीमागे खदाखदा हसतोय! कुणी उचललं नाही. मी फोन ठेवला, तोही गप्प. परत लावला, परत हसला!

“इथे माणसं मरतायत आणि तुला हसू येतंय?” मी चक्क मराठीत ओरडले. गाय पाटी सोडून माझ्याकडे बघायला लागली.

तिसऱ्यांदा लावला. हसणं बरोब्बर मागून. मी गर्रकन वळले, तर पुन्हा मागूनच. परत वळले, परत मागे! स्वतःच्या शेपटीमागे लागलेल्या कुत्र्यासारखी मी गोल गोल फिरत होते. आणि मग जाणवलं, पक्षी माझ्या पाठीवर आहे. जॅकेटच्या आत!

मी अशी किंकाळी फोडली की गाय पळाली. जॅकेट काढून गवतात भिरकावलं, काठी घेतली आणि लांबूनच ढोसलं. पाठीच्या खिशातून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला एक फोन घरंगळत बाहेर आला. खदाखदा हसत. स्क्रीनवर माझाच नंबर.

मान वर केली, तर डावीकडच्या वाटेने जोन आणि ते सहा जण धडधाकट परत येत होते. सातही जणांच्या कानाला फोन.

वाजणारा फोन उचलायचा, हे आईने लावलेलं वळण. मी पिशवीवरूनच हिरवं बटण दाबलं. त्याच क्षणी माझ्या दुसऱ्या कानातली रिंग थांबली. अखेर इमर्जन्सीवाल्यांनी फोन उचलला होता!

“हॅलो? हॅलो?” पलीकडे एक मुलगी धापा टाकत, रडवेल्या आवाजात ओरडत होती.

मनात म्हटलं, झालं! इतकी घाबरट बाई इमर्जन्सीला बसवली कुणी?