एकोणीस मिलिमीटरची गाठ

माझ्या मुलीच्या डाव्या गुडघ्याखाली, आतल्या अंगाला, एक कठीण गाठ आहे. हाडालाच फुटलेला कोंब, त्यावर कूर्चेची टोपी. कर्करोग नाही. एक्स-रे पाहून डॉक्टर म्हणाले होते, "उंची वाढेल तोवर ही वाढेल. उंची थांबल्यावरही वाढत राहिली, तर मात्र कापावी लागेल. आणि चोळायची नाही."

तेव्हापासून दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी दोन मापं घ्यायचो. दाराच्या चौकटीशी उंची आणि व्हर्नियर मापपट्टीने गाठ. ती सतरा वर्षांची असताना सलग पाच महिने उंची एकशे अठ्ठावन्न सेंटिमीटर राहिली, गाठ एकोणीस मिलिमीटर. सहावं माप घेऊन डॉक्टरांकडे जायचं होतं.

त्याआधीच माझा थोरला भाऊ तिला चिरगाँवच्या हाडं बसवणाऱ्या पहलवानाकडे घेऊन गेला. इकडे उत्तरेत आम्ही दोघं भाऊ एकाच घरात राहतो. मी कामावर होतो. माझ्या बायकोला त्याने सांगितलं, सदर बाजारात वह्या घ्यायला जातो.

मुलगी लंगडत परत आली. गुडघा लाल, तेलाने माखलेला. मी व्हर्नियर लावला.

"किती, बाबा?"

"सव्वीस."

"म्हणजे कापणार?"

मला सांगता येईना. सात मिलिमीटर सूज आहे की वाढ, हे व्हर्नियर सांगत नाही. पाच महिन्यांची मापं त्या माणसाने अर्ध्या तासात निकामी केली होती.

भाऊ पायरीवर बसून चहा पीत होता. "मोजून मोजून गाठ जाते काय रे? पहलवानजींनी हजारो हाडं बसवलीत."

"हे निसटलेलं हाड नाही, दादा. उगवलेलं आहे."

"मग पोरीचं लग्न पट्टीशीच लाव."

तिला पुन्हा हात लावायचा नाही, एवढं मी त्याला सांगितलं. त्यानंतर बोललो नाही.

नव्या एक्स-रेत कोंब मोडलेला नव्हता. सूज उतरू दे, मग मोजा, असं डॉक्टर म्हणाले. मी दर रविवारी मोजलं आणि भिंतीवरच्या तक्त्यात लिहिलं. सव्वीस, चोवीस, चोवीस, एकवीस, एकवीस, वीस. सातव्या रविवारी एकोणीस. उंची तीच. कापणं टळलं.

त्याच संध्याकाळी भाऊ दारात शेजाऱ्याला हिंदीत सांगत होता, "पहलवान ने पूरे सात मिलिमीटर घटा दी, भैया. भाई ने खुद लिख रखा है."

मी उठलो नाही. मुलगी उठली.

"काका, एकोणीस तर पहिल्यापासूनच होती. सात तुम्ही वाढवले होते."

"बापावर गेलीस," तो म्हणाला.

मी आतून ऐकलं.