मनीची शिंक

शिंक ऐकू आली की बोनकोड्याच्या काकी निघाल्या पावली परत यायच्या. उंबऱ्याबाहेर पडलेला पाय आत, मग खाली बसणं, दोन घोट पाणी, आणि त्यानंतरच स्वारी पुढे. काकी म्हणजे आमच्या घरमालकीण. नव्वदनंतरच्या त्या वर्षांत आम्ही नवराबायको त्यांच्या मागच्या खोलीत भाड्याने राहायचो. हा नेम अर्थातच आम्हालाही लागू होता. ऑफिसची बस चुकली तरी चालेल, पण शिंकेवर बाहेर पडायचं नाही.

अशा घरात मी सर्दी झालेलं मांजर आणलं. मनीचे डोळे चिपडांनी चिकटलेले, नाक चोंदलेलं, आणि शिंका काही थांबेनात. काकी टोपली घेऊन बाजाराला निघाल्या, मनी शिंकली. त्या बसल्या, पाणी प्याल्या, उठल्या. मनी पुन्हा शिंकली. शेवटी त्यांनी टोपलीच कोपऱ्यात ठेवून दिली. मांजराची शिंक कशाला धरता, असं माझ्या नवऱ्याने भीत भीत विचारलं. काकींनी त्याच्याकडे दयेने पाहिलं.

"या घरान शिंकली, म्हंजे या घरची नाय का?"

झालं, मनीचं नाव घरात लागलं. प्राण्यांच्या डॉक्टरांनी दिलेले थेंब घालायचं काम माझं, आणि डोळे पुसायचं काकींचं. उकळून कोमट केलेलं पाणी, प्रत्येक डोळ्याला कापसाचा वेगळा बोळा. पुसताना तोंड चालूच असायचं. एवढे लाड सासूने केले असते तर मी कुठल्या कुठे गेले असते, असं त्या मनीला ऐकवायच्या.

पण मनी खाईना. वासच येत नव्हता तिला. उद्यापर्यंत खाल्लं नाही तर कठीण आहे, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं आणि मला रडू आवरत नव्हतं. काकींनी मोरीत कढत पाण्याची बादली ठेवली, दार लावलं आणि त्या वाफेत मनीला मांडीवर घेऊन बसून राहिल्या. स्वतःला बाजारात जाता येत नव्हतं, म्हणून शेजारणीकडून मांदेली मागवली होती. ती उकडून, काटे काढून, कोमट असतानाच बोटाने मनीच्या ओठांना लावली. बऱ्याच वेळाने ते बोट चाटलं गेलं. इतका आनंद मला स्वतःच्या पास होण्याचाही झाला नव्हता.

पुढे आम्ही कामोठ्याला घर घेतलं. मनी काकींकडेच राहणार होती, तिला मांडी सोडवत नव्हती. टेम्पो भरला. आम्ही काकींच्या पाया पडून उंबरा ओलांडला, तोच मागून शिंक आली. मी मनीकडे पाहिलं. ती ओट्यावर गाढ झोपली होती.

"बसा जरा," काकी पदराआडून म्हणाल्या. "पानी प्या, मंग जा."

आम्ही बसलो. काकींचं नाक कोरडं होतं, डोळे मात्र वाहत होते. टेम्पोवाला हॉर्न वाजवत राहिला. पाणी पिऊन आम्ही उठलो आणि काकी पुन्हा शिंकल्या.