वहिनी आणि मधल्या पदाची फोड

दादाचा फोन आला तेव्हा मी शाळेत शिक्षकांच्या खोलीत पेपर तपासत होते. "तुन्ही वहिनी गयी," तो म्हणाला. मी विचारलं, "कुठे?" आदल्या संध्याकाळी तर ती माझ्याशी फोनवर हसत बोलली होती! सकाळी अंगणात सडा टाकता टाकता कोसळली आणि शहाद्याला दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं. महिना होऊन गेला, पण मला अजून खरं वाटत नाही.

तापीकाठच्या आमच्या घरात सुमनवहिनी आली ती नववीतून शाळा सुटलेली. लेक कॉलेजला गेली आणि चाळिशी ओलांडलेल्या वहिनीनं बाहेरून दहावीला बसायचं ठरवलं. मी लोणखेड्याला गणित शिकवते, म्हणून दर रविवारी गावी जाऊ लागले. वर्गत्रिपदीचे अवयव पाडताना तिची गाडी अडली. क्ष वर्ग उणे क्ष उणे बारा. गुणाकार उणे बारा आणि बेरीज उणे एक येईल अशा दोन संख्या शोधायच्या, की मधल्या पदाची फोड झाली. चार आणि तीन तिला लगेच सापडायचे, चिन्हं मात्र हमखास चुकायची. "ताई, माले हाई जमाव नही," म्हणत एकदा ती उठून चुलीपाशी गेली. थोड्या वेळानं पिठाच्या हातांनी धावत बाहेर आली. "मोठाले उणे, धाकलाले अधिक!" तव्यावरची भाकरी करपली. "आते ही भाकर कोन खाई?" दादा कुरकुरला. "तुम्हीच खा!" आणि त्यानं ती मुकाट्यानं खाल्ली.

ती पास झाली. मग गल्लीतल्या पोरी संध्याकाळी तिच्याकडे गणितं घेऊन येऊ लागल्या. त्या शेवटच्या फोनवर तिनं विचारलं होतं, "अवयव पडतसच नही, असं बी ऱ्हास का?" मी म्हटलं, "असतं ना, काहींचे पडतच नाहीत. रविवारी आले की सांगते." ... तो रविवार तिला मिळालाच नाही.

परवा गावी गेले, तर पोरी अंगणात अवघडून उभ्या. दादानं आतून सतरंजी आणून ओट्यावर अंथरली. "बठा," म्हणाला, मग माझ्याकडे न बघता, "आज तू शिकाड यास्ले." मी खडू घेतला आणि एका पोरीच्या पाटीवर क्ष वर्ग उणे क्ष उणे बारा लिहिलं. तेवढ्यात एक पोरगी शेजारणीला दटावत म्हणाली, "आधी चिन्ह दख, मंग आकडा!"

हुबेहूब वहिनीचा सूर. आत निघालेला दादा उंबऱ्यातच थबकला.