मागच्या बाकापर्यंत

"झगा काढ," बाई म्हणाल्या.

मी दहा वर्षांची होते. चर्चला लागून एक छोटी खोली आहे, सतरंज्या आणि बाजाची पेटी ठेवायची. तिथं उभी होते. अंगात नवा झगा. पिवळा, कंबरेला पट्टा. आईनं नाताळासाठी नारायणगावच्या शिंप्याकडून शिवून घेतलेला. शिवून आल्यापासून मी तो उशाखाली घेऊन झोपत होते.

"नव्या कपड्यात साक्ष शोभत नाही गं. पाहुण्यांना काय वाटेल?"

बाईंनी एका कापडी पिशवीतून जुना झगा काढला. कोणाचा होता कोण जाणे. काखेत उसवलेला, रंग उडालेला, मला आखूड. मी तो घातला. मग त्यांनी माझ्या वेणीची रिबन सोडली, केस हातानं जरा विस्कटले आणि दोन पावलं मागं सरून मला पाहिलं. भाजीत मीठ बरोबर पडलं की बायका मान हलवतात, तशी मान हलवली.

"आता ठीक. चल."

माझा पिवळा झगा सतरंज्यांवर पडून राहिला.

आमच्यात साक्ष म्हणजे काय, ते सांगते. उपासनेत उभं राहायचं आणि देवानं आपल्यासाठी काय केलं ते आपल्या तोंडानं सांगायचं. चांगली रीत आहे. माझी आई द्यायची साक्ष. तापातून उठली की द्यायची, शेळी नीट व्याली तरी द्यायची. दोन वाक्यं बोलायची आणि खाली बसायची. पण वर्षातून एकदा, नाताळाच्या आठवड्यात, बाहेरगावचे आणि बाहेरदेशचे पाहुणे यायचे, तेव्हाची साक्ष वेगळी. ती बाई लिहायच्या आणि आम्ही द्यायचो.

बाई म्हणजे बंगल्यातल्या बाई. चर्चची कमिटी त्यांची, हॉस्टेल त्यांचं, पाळकसाहेब कोण येणार आणि कोण जाणार तेही त्याच ठरवणार. त्यांच्या घराण्याला ख्रिस्ती होऊन चार पिढ्या झाल्या. आमच्या घराण्याला तीन. माझे आजोबा त्याच चर्चमध्ये गात, त्याच अंगणात त्यांचं लग्न लागलं. फरक एका पिढीचा. तरी आम्ही त्यांच्यासाठी कायमचे 'नवीन लोक'. किती वर्षांनी जुने होतो, ते त्यांनी कधी सांगितलं नाही.

तर बाईंनी लिहिलेली साक्ष अशी होती. "माझे वडील दारू पिऊन आईला गुरासारखं मारत. आमच्या घरात देव नव्हता. गावानं आम्हाला वाळीत टाकलं होतं. मग बाई आमच्या दारात आल्या, आणि आमच्या घरात उजेड आला."

'गुरासारखं' म्हटल्यावर थांबायचं आणि रडायचं. जागा ठरलेली. शाळेत गुरुजी माझं 'व्हतं' खोडून 'होतं' करायचे, आणि बाई म्हणायच्या, "तू आपली 'व्हतं'च म्हण, ते जास्त खरं वाटतं." ऐकणाऱ्यांना मराठी येत नव्हतं. बाईच पुढं इंग्रजीत सांगायच्या. तरी त्यांना माझ्या तोंडून 'व्हतं' हवं होतं. खरेपणाची एवढी हौस त्यांना.

आणि खरं काय होतं? माझे वडील, आम्ही त्यांना दादा म्हणतो, दारू पीत. लई पीत. निमगाव सावाच्या रस्त्यावर पडलेले मी त्यांना पाहिलेत, ते मी लपवत नाही. पण त्यांनी माझ्या आईवर कधी हात उचलला नाही. पिऊन आले की ओट्यावर बसून रडायचे आणि तिथंच झोपायचे. आणि बाई आमच्या दारात आल्या त्याच्या कितीतरी आधी दादांची दारू सुटली होती. कावीळ झाली तेव्हा. शेजारच्या हिराबाई, धनगराच्या, त्यांनी महिनाभर रोज सकाळी शेळीचं दूध आणून दिलं. दादा उठून बसायला लागले तेव्हा दारात उभ्या राहून म्हणाल्या, "भाऊ, आता पुन्यांदा पिलास तर माझं दूध फुकाट गेलं म्हनायचं. मग ह्या दारात मी येनार न्हाई."

दादांनी पुन्हा घेतली नाही. आई म्हणायची, देवानं हिराबाईंच्या हातून केलं. ही आईची साक्ष. पण हिराबाईंच्या डोक्यावरून पदर आणि कपाळाला कुंकू. पाहुण्यांना दाखवायला ती बाई कामाची नव्हती.

माझ्या साक्षीच्या वेळी दादा चर्चमध्येच असायचे. शेवटच्या बाकावर, भिंतीला टेकून. स्वच्छ धुतलेला सदरा. त्यांची लेक पुढं उभी राहून, उसवलेल्या झग्यात, भरल्या चर्चला सांगायची की हा माणूस जनावर होता. पाहुणे मागं वळून त्यांना बघायचे. आणि दादा हात जोडायचे.

एका नाताळाला आईनं हौसेनं हिराबाईंना बोलावलं. केक खायला या म्हणाली. त्या आल्या, दादांच्या बाकावर आईशेजारी बसल्या, आणि माझी साक्ष त्यांनी पहिल्यांदा ऐकली. आमच्याबरोबरच घरी निघाल्या. ओढ्यापाशी आल्यावर मला म्हणाल्या, "आमी कवा टाकलं गं तुमाला वाळीत?"

रागानं नाही विचारलं. त्यांना खरंच कळत नव्हतं. आईनं पदर तोंडाला लावला.

मग आईदादा गप्प का बसले? माझ्या हॉस्टेलसाठी. हॉस्टेलची जागा बाईंच्या हातात होती. मी शिकावं एवढंच त्या दोघांना हवं होतं, आणि त्यापायी आपली अब्रू त्यांनी दरवर्षी बाईंच्या हवाली केली. बाई ह्याला 'सहभागिता' म्हणायच्या. प्रभूमध्ये आपण सगळे एक, असं म्हणत पाहुण्यांसोबत बंगल्यात जेवायला जायच्या. आम्ही डबा खाऊन एसटीला उभे.

पाहुण्यांचा दिवस ठरलेला असायचा. सकाळी खोडदच्या मोठ्या दुर्बिणी, दुपारी आम्ही. दुर्बिणी बघायला आधी परवानगी काढावी लागते. आमच्या घराची लाज बघायला लागत नव्हती.

दहावीनंतर साक्ष सुटली. मोठी झाले, अंग भरलं, आता कोणाला कीव येण्यासारखी दिसत नव्हते. मी शिवण शिकले. लग्न झालं. आता वारूळवाडीत माझं छोटं दुकान आहे, ब्लाउज आणि मुलींचे झगे शिवते. आई गेली. दादा माझ्याकडे असतात. चर्च तेच. लोक विचारतात, एवढं झालं तरी तिथंच का जातेस? का नाही जाणार? देव तिथं बाईंच्या आधीपासून आहे. त्यांच्यासाठी मी माझा देव का सोडू?

यंदा बाईंनी मला उपासनेनंतर थांबवलं. माझी मुलगी तिसरीत आहे. तिला बाईंच्या इंग्रजी शाळेत घालायचं माझ्या मनात होतं, मी अर्ज केला होता. बाई आता म्हाताऱ्या झाल्यात, काठी घेऊन चालतात, पण आवाज तोच.

"शाळेचं बघू आपण. नाताळात पोरीला साक्षीला उभी कर. आजोबांची गोष्ट सांगू दे. पाहुण्यांना आजोबांपासूनची तिसरी पिढी बघायला बरं वाटेल."

मी हो म्हणाले. पोरीच्या शाळेचा प्रश्न होता. बाईंनी मजकूर मोबाईलवर पाठवला. तोच मजकूर. 'माझे वडील'च्या जागी 'माझे आजोबा', 'आईला'च्या जागी 'आजीला', बाकी शब्द हललेला नाही. एवढ्या वर्षांत बाईंना नवं काही सुचलंही नव्हतं.

संध्याकाळी मी मशीनवर बसले होते आणि पोरगी दारात उभी राहून पाठ करत होती. दादा खुर्चीत चहा पीत होते. "माझे आजोबा दारू पिऊन आजीला गुरासारखं मारत," पोरगी म्हणाली, आणि आजोबांकडे बघून अडखळली.

दादांनी कप खाली ठेवला.

"मोठ्यानं म्हन बाळा," ते म्हणाले. "मागच्या बाकाला ऐकू जात न्हाई."

माझा पाय मशीनवरून सुटला.

जो माणूस बायकोला कधी टोचून बोलला नाही, तो आपल्या नातीला शिकवत होता की मी राक्षस होतो, हे नीट मोठ्यानं सांग. बाईंना आता काही करावं लागत नव्हतं. दादा त्यांचं काम स्वतःच करत होते. आणि आई नव्हती. त्यांनी मारलं नाही हे सांगणारी घरात मी एकटी उरले होते. मी गप्प बसले असते तर बाईंचं लिहिलेलं तेच खरं ठरलं असतं, माझ्या पोरीच्या तोंडूनसुद्धा.

प्रभूनं एका कोडी माणसाला बरं केलं तेव्हा त्याला बजावलं होतं, हे कोणाला सांगत फिरू नकोस. लहानपणापासून ऐकत आले, अर्थ त्या संध्याकाळी कळला. ज्यानं बरं केलं त्याला गाजावाजा नको होता. ज्यांनी काहीच केलं नाही, त्यांना पाहुणे लागतात.

नाताळाच्या आठवड्यात पोरीला पिवळा झगा घातला. मीच शिवलेला. बाई बाजूच्या खोलीत कापडी पिशवी घेऊन तयार होत्या. मी पोरीला दादांजवळ मागं बसवलं आणि तिचं नाव पुकारल्यावर एकटी पुढं गेले.

"माझे वडील शेवटच्या बाकावर बसलेत," मी म्हणाले. "ते दारू पीत होते. त्यांनी माझ्या आईला कधी मारलं नाही. आम्हाला गावानं वाळीत टाकलं नव्हतं. शेजारच्या हिराबाईंनी दूध दिलं म्हणून ते जगले आणि त्यांच्या शब्दाखातर दारू सुटली. मी लहान असताना इथं जे बोलले ते मला पाठ करून दिलेलं होतं. ही माझी साक्ष."

खोलीतून पुढं आलेल्या बाई हसऱ्या चेहऱ्यानं पाहुण्यांकडे वळल्या आणि इंग्रजीत सांगू लागल्या. हॉस्टेलनं मला तेवढं इंग्रजी दिलंय. त्या जुनीच साक्ष सांगत होत्या. मारहाण, अंधार, उजेड. एका पाहुणीनं डोळे पुसले. लोक टाळ्या वाजवायला लागले.

"बाई, हे मी बोलले नाही," मी म्हणाले. "मी बोलले तेच सांगा."

"वेळ नाही गं. खाली बस."

"मग मी उभी राहते."

आणि उभी राहिले. पाळकसाहेबांनी गीत सुरू केलं, ते संपलं. मी उभी. प्रार्थना झाली, मी डोळे मिटून उभ्यानंच केली. पाहुणे एकमेकांना विचारायला लागले. शेवटी त्यांच्यातल्या एका तरुण मुलीनं, तिला मराठी येत असावं, हळू आवाजात शेजारच्यांना खरं काय ते सांगितलं. त्यांच्या माना मागं वळल्या. दादांनी ह्या वेळी हात जोडले नाहीत. ते जमिनीकडे बघत होते.

शाळेतून निरोप आला, जागा नाही. अपेक्षा होतीच. देवाच्या नावानं चालणारी शाळा, आणि तिच्यात जागा खरं न बोलणाऱ्यांना.

दादा माझ्यावर चिडले. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "कशापायी बोललीस? पोरीची शाळा गेली. माझं काय, मी म्हातारा मानूस." मी मशीन चालवत राहिले. मग ते म्हणाले, "ऐकू आलं पन. मागपतुर."

पोरगी जिल्हा परिषदेच्या शाळेत जाते, तिथंच शिकेल. ती कोणापुढं आपलं घर उघडं करणार नाही. बाई पुढच्या नाताळाला दुसरं घर शोधतील, त्यांना काय, गरीब घरांना तोटा नाही. शोधू देत. मी त्या चर्चमध्ये असणार आहे, आणि शेवटच्या बाकावर नाही. ती पिशवी उघडून ज्या पोराला जुने कपडे घालतील, त्याच्या शेजारी जाऊन मी उभी राहणार आहे.